बाराव्या पानापासून

बेल्ह्याच्या बाजारात मी उत्पलाला छातीशी गच्च धरून उभी होते. दहा महिन्यांची पोर, आणि भोवती म्हशींची शिंगं, टेम्पोचा धूर, धूळ. तिचं टोपरं मी तीनदा खाली ओढलं. पण माझं पुस्तक छापायचं की नाही ते संध्याकाळपर्यंत छापखान्याला कळवायचं होतं, आणि स्वतःचं पुस्तक स्वतः छापून विकणारी बाई मला एकच माहीत होती, कमरजहाँभाभी.

त्यांचं दुकान म्हणजे चार बांबूंवर ताडपत्री. जनावरांची दावी, तोंडाला बांधायच्या म्होरक्या, घुंगरमाळा टांगलेल्या आणि त्यांच्यातच सुतळीला अडकवलेली पुस्तकं. तीस वर्षं बाजारात पाहिलेल्या जनावरांच्या गोष्टी. तिसरी आवृत्ती!

मी माझी कच्ची प्रत पुढं केली. "भाभी, उत्पला सातव्या महिन्यात झाली. चोवीस दिवस काचेच्या पेटीत होती. त्याचं लिहिलंय. वाचेल का हो कुणी?"

"मला काय इचारती? ह्यांना इचार." त्यांनी हनुवटीनं बाजार दाखवला. "माझं परतेक पान मी आधी हितं वाचलंय. मानूस थांबला तर पान ठिवलं, निघून गेला तर फाडलं. वाच."

"इथं?"

"मग काय मंगल कार्यालयात? पोरगी दे माझ्याकडं."

द्यावी की नाही, माझं ठरेना. भाभींनी तिला घेतलंच.

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. सरपंचांचा शुभसंदेश. मग पतसंस्थेच्या अध्यक्षांचा, मग मुख्याध्यापकांचा. आमच्याकडं पुस्तक काढायचं म्हणजे ही मंडळी फोटोसकट आधी हवीतच. माझा नवरा राजरत्न दोन आठवडे त्यासाठी मोटारसायकल घेऊन हिंडला होता. म्हैस विकायला आलेले एक गृहस्थ, भाभी त्यांना सोपानभाऊ म्हणाल्या, आणि आणखी दोघं-चौघं जरा वेळ थांबले.

"इलेक्शन लागलंय का ताई?" म्हणाले आणि हसत पुढं गेले. त्यांच्यामागून बाकीचेही पांगले.

"किती पानं हायेत असली?" भाभींनी विचारलं.

"अकरा."

"या अल्ला! बैल ऱ्हायला बाजूला, नुसती झूलच दाखवती व्हय तू! बारावं काढ."

मी बारावं पान काढलं. वाचू लागले. पुण्याचं हॉस्पिटल. नर्स म्हणते, हात लावू नका, नुसतं बोला. काय बोलावं ते आईला सुचत नाही. म्हणून ती लेकीला घरी जायच्या वाटेवरची गावं सांगू लागते. चाकण. राजगुरुनगर. एकेक गाव सांगितलं की मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा थोडा वर चढतो. मंचरला येऊन तो थांबतो. हलत नाही.

घुंगरमाळा चाळणारा एक हात थांबल्याचं मला दिसलं. सोपानभाऊ परत आले होते, म्हशीचा कासरा हातात तसाच. मागून गिऱ्हाईक विचारत होतं, "भाऊ, म्हस कितव्या वेताची?"

"थांब रे, पोर मंचरला अडाकलीय."

कुणी हसलं नाही. सात-आठ माणसं, दोन बायका, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. ही पानं मी उत्पलाला पायावर झोपवून, एका हातानं लिहिली होती. त्यातली मंचरची ती चार मिनिटं मी कधी राजरत्नलाही नीट सांगितली नव्हती. आणि हा अनोळखी माणूस तिथं, त्या पेटीपाशी, श्वास रोखून उभा होता. मग लक्षात आलं, एवढ्या वेळात मी उत्पलाकडं एकदाही वळून पाहिलं नव्हतं. ती भाभींच्या ओढणीचं टोक चघळत होती.

तिथंच मी छापखान्याला फोन लावला.

"छापा. पण पहिली अकरा पानं काढून टाका."

"अहो मॅडम, सरपंचसाहेबांचा फोटो आहे त्यात! त्यांना काय सांगू?"

"मी जाते सांगायला."

"फोन ठिवा ना ताई," सोपानभाऊ कासावीस होऊन म्हणाले. "म्होरलं नारायणगाव आलं का न्हाई पोरीचं?"

मी पान उलटलं.