पाहुण्यास दाखविण्याजोगे

कार्तिक महिन्याच्या आरंभी, कपाशीची बोंडे उमलू लागली असता, निंबखोरीच्या शेषरावांकडे त्यांचे व्याही देवमनजी सुनेस नेण्याकरिता आले. निंबखोरी हे गाव परतवाड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले असून देवमनजींचे गाव खाली अकोल्याकडे, खारपाण पट्ट्यात होते. सून म्हणजे शेषरावांची कन्या शालू. बौद्ध धर्माच्या दीक्षेनंतर नव्या पद्धतीने झालेले हे त्या पंचक्रोशीतील पहिलेच लग्न. शालू अमरावतीस मास्तरणीच्या ट्रेनिंगला होती, चैत्रात तिची परीक्षा होती, आणि सध्या सुटीनिमित्त ती माहेरी आली होती. देवमनजींचे म्हणणे सरळ होते. वेचणीस हात कमी पडत आहेत, आणि सुनेला दोन हात आहेत.

शालूने पित्यास एवढेच सांगितले होते, "बाबा, आता गेली त साल गेलं. सासरी गेलेलं साल कोनी वापस देत नाही."

तेव्हा व्याह्यांजवळ चैत्रापर्यंतची मुदत मागणे शेषरावांस भाग होते. परंतु घरात ते शक्य नव्हते. ज्याने आपल्या ओसरीवर भाजी-भाकर खाल्ली, त्याच्याजवळ त्याच ओसरीवर काही मागणे म्हणजे जेवणाचा मोबदला मागणे होय, अशी त्या भागातील समजूत आहे. मागावयाचे ते शिवेबाहेर मागावे. निंबखोरीच्या शिवेबाहेर धबधबा होता.

"इवाई, आमचा धबधबा पाह्याले चला," शेषराव म्हणाले.

"पाह्यलाच पाह्यजे का?"

"लोक पाह्यतेत."

"कोन लोक?"

शेषरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "मांगं जंगल खात्याचा एक साहेब आलता."

"मंग चला," देवमनजी म्हणाले, आणि त्यांनी नव्या वहाणा पायांत घातल्या.

शेषरावांची पत्नी पंचफुला हिने दाराआडून पतीस हळूच बजावले, "मांगून या. नाही त नुसते गोटे दाखवून येसान."

शिवेच्या अलीकडे दोन स्थळे होती. ती वगळून थेट धबधब्याकडे नेणे पाहुण्याचा अवमान ठरला असता. प्रथम चिंचेखालील थडगे लागले.

"हे साहेबाचं थडगं."

"कोन साहेब?"

"ते कोनाले मालूम नाही. पन साहेबच व्हता."

"कायवरून?"

"लांबी पाहा ना."

देवमनजींनी लांबी पाहिली व मान हलविली. पुढे नाल्याकाठी एक काळा दगड होता. त्यावर दुसरा दगड आपटला असता घंटेसारखा नाद निघतो, अशी त्याची ख्याती. देवमनजींनी दगड आपटला. दगडासारखा आवाज आला. मग शेषरावांनी आपटला. तसाच आला.

"आज वाजून नाही राहिला," शेषराव म्हणाले.

"नाराज असन."

शिव ओलांडताच शेषरावांनी मनात रचून ठेवलेल्या भाषणास आरंभ करण्यासाठी घसा खाकरला. त्यात 'विद्यार्जन' आणि 'स्त्रीजीवनाचे सार्थक' असे शब्द योजिलेले होते. परंतु त्याच क्षणी देवमनजी खाली बसले. वहाण चावत होती, ती त्यांनी काढून हाती घेतली. हातात वहाण असलेल्या मनुष्याजवळ काही मागू नये, एवढे व्यवहारज्ञान शेषरावांस होते.

धबधब्याची उंची दोन पुरुष होती. पैकी एक पुरुष पाणी होते व एक पुरुष शेवाळ. देवमनजींनी त्याकडे बराच वेळ पाहिले.

"हाच का?"

"हाच. पावसाळ्यात मोठा दिसते."

"असन."

मग देवमनजी दोन्ही वहाणा काठावर ठेवून अनवाणी डोहाशी उतरले व ओंजळीने पाणी प्याले. थोडे थांबून पुन्हा प्याले. नंतर चावणारी वहाण पुन्हा हाती घेऊन ओल्या मिशांनिशी तेथेच एका धोंड्यावर बसून राहिले.

"गोड आहे," ते म्हणाले.

"पानीच ते."

"आमच्याकडचं पानी असं नसते, इवाई. मिठाचं असते. त्याच्यात तुरीची डाय शिजत नाही. गोडी हीर गावात एकच हाय, पाटलाच्या वावरात. तिथं आमची पाळी समद्याच्या शेवटी."

"आता बी?"

"आता बी. फकत आंधी 'नाही' म्हनत. आता 'थांबा' म्हनतेत."

पाणी पडत होते. देवमनजी पुढे म्हणाले, "तुमच्या गावात पाह्यासारखं लय हाय. साहेब हाय, गोटा हाय, हे पानी हाय. आमच्या गावी पाहुना आला त आमी त्याले काय दाखवाव? काळी जमीन दाखवतो. ते त्याच्या बी घरी असते."

शेषरावांस रचलेल्या भाषणातील एकही शब्द स्मरेना. त्यांच्या मुखातून निघाले ते असे, "मास्तरीन दाखवा."

"कोन्ती?"

"शालू. चैतात पास झाली का तुमच्याच गावची शाळा मांगाव तिनं. पाहुना आला का त्याले शाळेपुढं न्या. म्हना, हे आमची सून."

देवमनजींनी हातातील वहाण खाली ठेवली. "पाटलाचे पोरं बी तिच्याच पुढं बसतीन?"

"मांडी घालून."

"आन् उशिरा आलेल्या पोराले काय म्हनन ते?"

"थांब म्हनन."

देवमनजींनी पुन्हा एक ओंजळ भरली आणि ते सावकाश प्याले.

"वेचनीचं काय करता?"

"मी येतो ना. मले बी दोन हात हायेत."

"लेकीच्या सासरी रोजानं?"

"रोज कोन मांगून राहिलं? तुमचं पानी पेईन."

"पेऊन पाहा," देवमनजी म्हणाले.

घरी परतताच पंचफुलेने पतीस विचारले, "मांगतलं?"

"मांगतलं."

"काय म्हनले?"

"झाकनाचा डबा हाय का म्हनले."

डबाभर धबधबा घेऊन देवमनजी एकटेच अकोल्याकडे रवाना झाले. शालू अमरावतीस गेली. आणि शेषराव वेचणीस व्याह्यांच्या गावी गेले. तेथील पाणी ते प्याले व चांगले आहे असे म्हणाले. त्यावर देवमनजींनी विश्वास ठेवला नाही.

संध्याकाळी, कापसाचे ओझे उतरवून झाल्यावर, देवमनजींनी त्यांस गाव दाखविण्यासाठी नेले. काळ्या जमिनीजवळ ते थांबले नाहीत. कवेलूंच्या छपराच्या एका खोलीपुढे मात्र ते उभे राहिले. तिच्या दारास कुलूप होते.

"हे शाळा," ते म्हणाले. "आतापावतर इच्यात पाह्यासारखं काही नाही. चैतानंतर या."