अण्णांची जागा धरून बसलेले जज्जसाहेब

शांतता राखा! मी शारजातल्या, अल नहदाच्या एका फ्लॅटमधला फोटो बोलतोय.

माझ्यातले दाढीवाले गृहस्थ सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पार टोकाच्या एका गावात जज्ज होते, आमदार होते आणि बॅप्टिस्ट पाद्रीही होते. गावात माणसंच कमी, करणार काय! सोमवारी डुक्करचोराला शिक्षा ठोठावायची, मंगळवारी त्याच्याकडेच मत मागायचं आणि रविवारी त्यालाच नदीत बुडवून बाप्तिस्मा द्यायचा. मत विरोधकाला गेलं असेल, तर पाण्याखाली जरा जास्त वेळ धरायचं. खटला मात्र साहेबांनी कधी तहकूब केला नाही. जेवणाआधी निकाल, खलास!

त्यांचा खापरपणतू दुबई सोडताना मला रास अल खोरच्या गोदामात टाकून गेला. कृतघ्न मेला! गोदामाचे मॅनेजर दत्तप्रसाद मला घरी घेऊन आले, तेही फ्रेमसाठी. पुण्यातल्या वडिलांची, अण्णांची फार आठवण यायची, म्हणून त्यांचा फोटो मोठा करून आणला होता.

"अण्णा काय झकास बसतील यात!"

अनुपमावहिनी आडव्या आल्या. "गेलेल्या माणसाचा फोटो कचऱ्यात टाकायचा नसतो. कुणाचा का असेना."

"बट मम्मा, ही इज नॉट इव्हन आवर रिलेटिव्ह!" सातवीतला वरद म्हणाला.

"आता आहे."

झालं! सर्वपित्रीला माझ्यापुढे पान वाढलं. बॅप्टिस्ट पाद्र्यापुढे अळूचं फदफदं आणि वडे! साहेब दारूविरुद्ध तीन-तीन तास बोलत, पण वड्यांबद्दल बायबलात काही नाही. शेजारचे हमीदभाई अदबीने विचारत, "दादाजी हैं?" दत्तप्रसाद मान डोलवत. समजावत कोण बसणार!

मग बायपास झालेले अण्णा व्हिजिट व्हिसावर आले. परका भिंतीवर आणि बाप कपाटात, या विचाराने दत्तप्रसाद शरमले. अण्णांच्या देखतच स्टुलावर चढून मला उतरवलं आणि फ्रेममागचे बारीक खिळे उपटू लागले. माझं धाबं दणाणलं.

अण्णांना टेबलावर स्वतःचा हातभर फोटो दिसला. चेहरा पांढरा पडला.

"भिंतीवर लावतोस? दत्ता, मी अजून आहे रे!"

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मग अण्णांनी मला मांडीवर घेतलं. "हे कोण?"

माझ्या पाठीवर साहेबांचं चरित्र चिकटवलेलं आहे. वरदने ते वाचून दाखवलं. पाण्याखाली धरण्यापाशी अण्णा असे हसले, की वहिनी पाणी घेऊन धावल्या.

"यांनाच लाव परत," अण्णा म्हणाले. "माझी जागा धरून बसलेत बिचारे. ते आहेत तोवर मला घाई नाही."

आता दर शुक्रवारी पुण्याहून फोन येतो. "जज्जसाहेब आहेत ना भिंतीवर?"

"आहेत, अण्णा."

"मग ठीक."

एसीच्या थरथरीने माझा खिळा सैल झालाय हो. येता-जाता कुणीतरी दोन ठोके घाला. हयातीत कधी केलं नाही ते काम साहेब इथे इमानाने करतायत. अण्णांचा खटला आजही तहकूब.