बरणीच्या तळाची चरबी

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. वरून तपकिरी, खाली पांढरी. पण मला लोणच्याची समजून झाकण उघडाल तर नाक धरून पळाल. कसबा बावड्यातल्या या घरात माझ्यात रानडुकराची चरबी असायची.

तेव्हा शिकारीला परवाना मिळे. हंबीरराव पन्हाळ्याच्या बाजूला शिकारीला जात. मटण भावकीत वाटलं जाई आणि चरबी त्यांच्या पत्नीकडे, अंबूबाईंकडे येई. स्वयंपाकघरात त्या ती मुळीच नेत नसत. परसात तीन दगडांची चूल मांडायच्या, चरबीचे बारीक तुकडे पाण्याचा हबका मारून कढईत घालायच्या आणि मंद जाळावर ढवळत बसायच्या. चरचर थांबली म्हणजे पाणी आटलं. मग फडक्यातून गाळून, कोमट झाली की माझ्यात ओतायच्या. तेव्हाचा माझा तोरा विचारू नका. गुडघे धरलेली म्हातारी माणसं चोळायला चरबी मागत वाटी घेऊन मागच्या दाराने यायची आणि अंबूबाई कुणालाच नाही म्हणायच्या नाहीत. पण पहिला मान हंबीररावांच्या पायताणांचा. चरबी चोळलेली ती पायताणं करकर वाजवत ते आले, की अंबूबाई डोक्यावर पदर घ्यायच्या.

पुढे शिकारीला बंदी आली. हंबीररावांनी बंदूक जमा केली. काही वर्षांनी तेही गेले. उरले मी, आणि खुंटीवरची ती पायताणं. दर दिवाळीला अंबूबाई बोटभर चरबी काढून त्यांना चोळत. चरबी केव्हाच खवट झाली होती, पण पायताणांना नाक नसतं. त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियमच होता.

यंदा अंबूबाईंचं बोट माझ्या तळाला लागलं. चरबी संपली की चामडं वाळून तडकणार, हे त्यांना ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं.

नातसून संयोगिता म्हणाली, "आज्जी, एरंडेल लावूया की."

"एरंडेलाचा वास तेंना सोसायचा न्हाय." खवट चरबीच्या वासाचं काय, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

नातू विजयसिंह हळूच म्हणाला, "एकजण वळखीचा हाय. गुपचूप डुक्कर मिळंल."

"तेनी बंदूक आपल्या हातानं जमा केली," अंबूबाई म्हणाल्या. "तेंच्या पायताणाला चोरीची चरबी लावू व्हय मी?"

मग त्यांनी माझा तळ पुसून उरलेली चरबी पायताणांना चोळली आणि ती विजयसिंहापुढे ठेवली. "घाल."

"झिजतील की, आज्जी."

"झिजू देत. पायात असली की मऊ ऱ्हात्यात."

विजयसिंह पायताणं घालून अंगणात गेला. अंबूबाई पाठमोऱ्या बसून मला राखेने घासत होत्या. करकर ऐकू आली आणि त्यांनी तसाच राखेचा हात उचलून डोक्यावर पदर घेतला.

मित्रांनो, मी आता रिकामी उन्हात बसले आहे. वास काही जाईल असं वाटत नाही. घरातल्या जुन्या वस्तू जपा, पण खुंटीला टांगून किंवा माळ्यावर कोंबून नव्हे. संयोगिता माझ्यात धुण्याचा सोडा ठेवणार म्हणते. ठेवू दे. रोज कुणाचा तरी हात लागेल, एवढं मला पुरे आहे.