सात नंबरच्या आजोबांची तक्रार

मी वॉर्डातली रिपोर्टची वही बोलतेय. पाठीला लाल कापड, दोनशे पानं आणि कोपऱ्यावर चहाचा गोल डाग. पाळी संपली की जाणारी सिस्टर माझ्यात लिहून जाते, येणारी वाचून कामाला लागते. त्यामुळे वॉर्ड माझ्यावरच चालतो, असा माझा समज होता. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते उगाच नाही.

थोरल्या सिस्टर माझ्यात दोनच ओळी लिहायच्या, त्याही कुत्र्याचे पाय मांजराला. बाकीचं तोंडी सांगायच्या: ह्या मावशी गोळी जिभेखाली लपवतात, त्या काकांना भीती वाटली की तहान लागते. त्या थोड्याच दिवसांत रिटायर होणार होत्या. धाकटी सिस्टर नवी, अक्षर मोत्यासारखं. माझा जीव अर्थातच तिच्यावर.

सात नंबरच्या आजोबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. चहा गार, उशी कडक, पंखा वाजतो. त्यांची कुरकुर दिवसभर चालायची. एका सकाळी मात्र ते गप्प होते. धाकटीने ताप, नाडी, बीपी बघितलं. सगळं ठीक होतं. तिने सुबक अक्षरात लिहिलं, ‘तक्रार नाही.’ मलाही ती ओळ फार आवडली.

दुपारी थोरल्या सिस्टर आल्या आणि त्याच ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“सात नंबरची तक्रार नाही? अगं, आजोबा गप्प बसले म्हणजे दुखणं वाढलंय.”

त्या तशाच खाटेकडे धावल्या. पोट फळीसारखं घट्ट लागलं. डॉक्टर आले, तासाभरात पुन्हा ऑपरेशन झालं. आजोबा थोडक्यात वाचले.

धाकटी माझ्यावर डोकं टेकून रडली. “हे वहीत कुठेच नव्हतं हो.”

“माझंच चुकलं,” थोरल्या म्हणाल्या. “तोंडी सांगेन म्हटलं, आणि काल माझी सुट्टी होती.”

त्यानंतर रोज पाळी संपली की थोरल्या सांगायच्या आणि धाकटी माझ्या शेवटच्या पानावर लिहून घ्यायची. महिनाअखेरीस थोरल्या गेल्या. जाताना त्यांनी मला थोपटलं. मला त्यांची फार आठवण येते.

आता माझी पानं संपली, उद्या मी रेकॉर्ड रूममध्ये जाईन. जाताना एकच मागणं आहे. शेवटचं पान नव्या वहीत उतरवा, पण नुसतं वाचू नका, एकमेकींना सांगत राहा.

आज आजोबा तपासणीला आले होते. बाक टोचतो, रांग हलत नाही, डॉक्टर फार तरुण आहेत. धाकटीने हसत माझ्या उरलेल्या एका ओळीत लिहिलं, ‘सात नंबर: भरपूर तक्रारी. प्रकृती उत्तम.’