भुकटीची भिंत

सिमेंट परमिटवर मिळायचं तेव्हाची गोष्ट. घणसोलीला आमचे हे, नामदेव गवंडी, भिंत चढवायचे आणि मी पाणी मारायचे. गोण्या आल्या की काम, नाहीतर बसा माशा मारत.

एक दिवस कमळाकर साहेब आले. बुटाला कधी चिखल न लागलेला इंजिनियर. म्हणाले, "आपला काळा दगड म्हणजे थंड झालेला ज्वालामुखी. त्याची पिठासारखी भुकटी मालात घालू, चार घमेल्यांत एक घमेलं सिमेंट वाचेल." आमचा कंत्राटदार बाजीराव शेठ भडकला. "दगडाचा पीठ खाऊन कोनाचा पोट भरलाय?"

शेवटी ठरलं, शेजारी शेजारी दोन भिंती. एक निव्वळ सिमेंटची, एक भुकटीची. अठ्ठावीस दिवसांनी साहेब तोडून बघणार. भुकटीची ढासळली तर नामदेवनं दुसरीकडे काम बघायचं. झालं! अक्कल साहेबाची, हट्ट शेठचा, आणि भाकरी जाणार आमची.

मला कशाची झोप लागते? त्या भिंतीवर मी गोणपाटं टाकली. गावच्या विहिरीवरून हंडे आणून सकाळ-दुपार-संध्याकाळ ओली ठेवली. पोटच्या पोरांना एवढं न्हाऊ घातलं नव्हतं. बायका हसायच्या, "गोजरे, भिंतीला बाळसं आलं गं!" दुसऱ्या भिंतीला दोन दिवस पाणी मिळालं. मग शेठ म्हणाला, "बस. असली सिमेंट हाय, तिचे लाड कशाला?" मी कशाला बोलू?

दिवस भरले तसा हातोडा आला. भुकटीच्या भिंतीतली वीट फुटली, पण सांधा सुटेना. शेठच्या भिंतीचा सांधा साहेबांनी नखानं खरवडला, तर वाळू गळाली. शेठचं तोंड एवढंसं झालं. मी मनात म्हटलं, बरी जिरली!

पण ही सगळी भुकटीची करामत, असं साहेब लिहायला लागले, तेव्हा राहवेना. "साहेब, हिला मी महिनाभर पाणी पाजलंय. तिला दोनच दिवस मिळालं."

"बाई, हे शास्त्र आहे," साहेब हसले. त्यांच्या कागदात पाण्याचा रकानाच नव्हता. मी यांच्याकडे बघितलं. हे थापी पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी शेठनं यांना हार घालून मिस्त्री केलं. भुकटीचे ट्रक लागले. दुपारी नवा मिस्त्री पहिला हुकूम घेऊन माझ्यापुढे उभा राहिला, मान खाली घालून.

"शेठ म्हणतो, आता भुकटी आहे, पाण्याला बाई कशाला? उद्यापासून तू येऊ नको."

"बरं, मिस्त्री," म्हटलं आणि डोक्यावरचा हंडा तिथंच उतरवला.

त्याच भुकटीच्या चाळीत आम्हाला खोली मिळाली. खिळा ठोकला की भिंतीतून वाळू गळते. हे म्हणतात, भुकटीच खराब निघाली. जेवताना यांच्या ताटात वाळू पडते. मी बघते, झाडत नाही.