दुसरी फाईल

"शिक्का आहे, पण सही नाही," सुमेधानं दाखला काउंटरवरून परत सरकवला. "मागच्या वेळी मुंबईत असंच झालं होतं. तिसऱ्या दिवशी परत बोलावलं. आता परत यायला मी इथे नसेन."

शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी निमूटपणे दाखला उचलला आणि सही घेऊन आल्या. सुमेधानं तो पिवळ्या फोल्डरमध्ये ठेवला आणि यादीतल्या सातव्या ओळीवर काट मारली.

बाहेर अलीमियाँ व्हॅन चालू ठेवून थांबले होते. अबुधाबीत सुमेधाच्या बिल्डिंगखालचं किराणा दुकान अलीमियाँचं. मूळचे श्रीवर्धनचे. सुमेधाची गाडी मागच्याच आठवड्यात विकली गेली, तेव्हापासून दुकानाचं सामान आणायची व्हॅन आणि स्वतः अलीमियाँ, दोघंही सकाळी दहा ते दोन तिच्या दिमतीला होते.

"झालं का वहिनी?"

"झालं. आता हॉस्पिटल. मिहिकाच्या लसींचे कागद घ्यायचेत. मग सामानवाल्याचं ऑफिस."

"यल्ला, चला," म्हणत त्यांनी गिअर टाकला.

मागच्या सीटवर नऊ वर्षांची मिहिका टॅबलेटमध्ये डोकं घालून बसली होती. शाळा कालच सुटली होती आणि घरात तिला ठेवायला कुणी नव्हतं. नवरा, प्रल्हाद, तीन आठवड्यांपूर्वीच पुढे गेला होता. तो नौदलात चीफ राइटर. राइटर म्हणजे कारकून, हे सुमेधाला माहेरच्या प्रत्येक लग्नात समजावून सांगावं लागे. दूतावासातली तीन वर्षं संपली, विशाखापट्टणमला हजर व्हायचा हुकूम आला आणि घर आवरायचं काम नेहमीप्रमाणे सुमेधाकडे राहिलं. कारवार, लोणावळा, कोची, मुंबई, अबुधाबी. बारा वर्षांत तिनं पाच घरं उभी केली आणि चार मोडली. पाचवं आता मोडत होती. कुठली वस्तू शेवटी भरायची आणि कुठली उतरल्यावर आधी काढायची, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खिडकीवर रंजिता नावाची केरळी मुलगी बसली होती. तिनं मिहिकाचे कागद छापून दिले आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, आपके नंबर पे एक और फाईल खुला है. इसका क्या करना है? ट्रान्सफर या क्लोज?"

"कौनसी?"

रंजितानं वाचलं, "बेबी ऑफ सुमेधा." मग पुढचं वाचता वाचता तिचा आवाज खाली आला. "सॉरी मॅडम. मैंने देखा नहीं."

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये सातव्या महिन्यात सुमेधाला मुलगी झाली होती. ती एकोणीस तास जगली. सुमेधाचं सिझेरियन झालेलं, उठायची परवानगी नव्हती. प्रल्हाद आणि अलीमियाँ दोघंच बाळाला दफनासाठी घेऊन गेले. "मला त्यातलं काही सांगू नकोस," असं तिनं प्रल्हादला म्हटलं होतं, आणि त्यानं खरंच काही सांगितलं नव्हतं. त्यानंतर घरात त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही. तो विसरला, असं तिला वाटे. कधी त्याचा राग येई, कधी बरं वाटे.

"प्रिंट दे दो," ती म्हणाली. "और क्लोज कर दो."

चार पानं होती. तिनं सही केली आणि ती मिहिकाच्या कागदांमागे फोल्डरमध्ये ठेवली. व्हॅनमध्ये बसल्यावर अलीमियाँनी विचारलं, "सामानवाल्याकडे?"

सुमेधानं यादी उघडली, बघितली, मिटली.

"अलीमियाँ, तुम्ही आणि हे तिला घेऊन गेला होतात ना, तिथे जायचंय."

अलीमियाँनी आरशातून मिहिकाकडे पाहिलं. "लांब आहे वहिनी. बनियासच्या पुढे. येऊन जाऊन दोन तास."

"दुकान आहे ना तुमचं?"

"दुकानाचं काय, जैनब आहे बसलेली," ते म्हणाले. जैनब त्यांची बायको. "मी आपलं पोरीसाठी म्हटलं."

"तिला येऊ दे."

वाटेत तिनं प्रल्हादला फोन केला. तिथे दुपार टळली होती, तो ऑफिसात होता.

"मी तिकडे चाललेय," ती म्हणाली. "तिच्याकडे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पाण्याची बाटली ने," प्रल्हाद म्हणाला. "तिथे सावली नाही. गेटमधून डावीकडे, चौथी रांग. शेवटून दुसरी."

"तुला पाठ आहे?"

"हो," तो म्हणाला. मग त्याला कुणीतरी हाक मारली असावी. "मी नंतर बोलतो."

दफनभूमीच्या गेटवर बसलेल्या रखवालदारानं अलीमियाँना ओळखलं, सलाम केला. सुमेधाकडे बघून विचारलं, "चीफ साब की मॅडम? साब इस महीने नहीं आए. तबीयत ठीक है?"

"हर महीने आते थे?" सुमेधानं विचारलं.

"पहला इतवार. पक्का. गर्मी में भी."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रल्हाद गाडी धुवायला म्हणून जायचा आणि दोन-अडीच तासांनी यायचा. एवढा वेळ कशाला लागतो, असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

ती अलीमियाँकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," अलीमियाँ खाली बघत म्हणाले. "दोन-तीनदा मीही आलो त्यांच्याबरोबर. ते म्हणायचे, सुमेधानं सांगू नको म्हटलंय, तर नाही सांगायचं. मी काय बोलणार वहिनी?"

चौथी रांग लहान मुलांची होती. शेवटून दुसऱ्या चौकोनाला पांढऱ्या दगडांची कड होती, वाळू नीट सारखी केलेली. दगड हातानं एकेक करून लावलेले दिसत होते. शेजारच्या कुठल्याच चौकोनाला तशी कड नव्हती. डोक्याशी एक छोटी पाटी. तिच्यावर इंग्रजीत नंबर आणि बेबी ऑफ सुमेधा.

सुमेधा वाळूतच बसली. दगड तापलेले होते. तिनं एकावर हात ठेवला आणि चटका बसला तरी काढला नाही. ती रडली, पण थोडंच. अलीमियाँ चार पावलं मागे पाठ करून उभे राहिले. थोड्या वेळानं, न वळताच म्हणाले, "वहिनी, पुढच्या महिन्यापासून मी येत जाईन. मी आहे तोवर येईन. नंतर माझा मुलगा अर्श येईल, त्याला दाखवून ठेवतो."

सुमेधानं नुसती मान हलवली, आणि ते त्यांना दिसणार नाही हे लक्षात आल्यावर "हो" म्हणाली.

मिहिका आईशेजारी येऊन उकिडवी बसली. पाटी वाचली.

"मम्मा, दॅट्स नॉट अ नेम."

"नाही."

"डिडंट शी हॅव वन?"

नाव सुमेधानं पाचव्या महिन्यातच ठरवलं होतं. घरी आणल्यावर सगळ्यांना सांगायचं म्हणून मनात ठेवलं होतं. प्रल्हादलाही सांगितलं नव्हतं.

"बकुळ," ती म्हणाली. स्वतःच्या आवाजात ते नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"बकुल."

"ल नाही. ळ. जीभ मागे वळव. बकुळ."

"बकुर."

"अं हं. वर टाळूला लाव आणि सोड."

मिहिकानं पाटीकडे बघत तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. मग पुढे वाकून, कुणाला तरी हळूच उठवावं तशा आवाजात म्हणाली, "बकुळ."

"हां," सुमेधा म्हणाली. "असं."