पोट्टीच्या पायातली दोरी

मी अंबाडीची जुनी दोरी. बार्शीटाकळीजवळच्या एका मळ्यात देवमन नावाच्या म्हाताऱ्यानं मला वासराच्या गळ्यासाठी वळलं. वासरू विकलं गेलं आणि मी माणसाच्या लेकरांच्या पायात आले. मित्रांनो, ते ऐका, आणि मध्येच उठून जाऊ नका.

मळा योगेश आणि वर्षालीचा. वांगी, मेथी, मिरची. विहिरीला कठडा नाही. दोघंही दिवसभर वाकलेली, रांगतं लेकरू पाहणार कोण? म्हणून माझं एक टोक लिंबाच्या खोडाला आणि दुसरं लेकराच्या पायाला. मी जीव वाचवले, हे खरं. पण तेवढ्यावर मला शाबासकी नको.

आधी रोहित होता. माझी गाठ चोखायचा, मुंग्या पाहायचा, झोपायचा. शेजारी त्याची आजी सत्यभामा मेथीच्या जुड्या बांधत बडबडत असायची. "गुणाचं पोट्टं," म्हणायची. मग त्याची बहीण गीतांजली आली. तेच खोड, तीच सावली, तीच मी. पण ही पहिल्या दिवसापासून ओढायची. घोट्याला वळ उठले तरी ओढायची, हात जवळ आला की चावायची. आजी आता भाजी घेऊन बाजारात बसू लागली होती. अडीच वर्षं झाली, पोरीच्या तोंडून एक शब्द नाही.

"रक्तातच हाय," सत्यभामा म्हणायची. "इच्या आजोबाची बहीन अशीच होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

माझ्या अंगाची आग व्हायची. सुंभाचं मला सांगता? धागा मी अंबाडीकडून आणला, पण पीळ देवमनच्या हातांनी घातला. दोन्ही मिळून मी झाले.

एकदा अंगणवाडीच्या माणिकबाई पोरीचं वजन घ्यायला मळ्यात आल्या. त्या दिवशी बाजार नव्हता, म्हणून सत्यभामाही मळ्यातच होती. तेवढ्यात वीज गेली, विहिरीवरची मोटर बंद पडली. गीतांजलीनं ओठ आवळले आणि घुर्रर्र करत हुबेहूब मोटर चालवली. मग कावळा ओरडला, तिनं त्यालाही तसंच उत्तर दिलं. माणिकबाई खालीच बसल्या.

"कान नं जीभ त चांगली दिसते इची. दिवसभर इच्यासंग कोन बोलते?"

वर्षालीनं योगेशकडे पाहिलं, योगेशनं विहिरीकडे. मग माणिकबाईच म्हणाल्या,

"मोटर बोलते. म्हून मोटर शिकली."

"रोहित बी इथंच वाढला नं?" सत्यभामा उसळली. "तो कसा बोलला?"

"तवा तुमी बाजूले होत्या, बाई. तुमचं तोंड कधी बंद होतं?"

वर्षालीला हसू फुटलं, आणि लगेच रडू.

"पोट्टी जल्माचीच तडफेची हाय," माणिकबाई म्हणाल्या. "शांत पोट्टं बांधलं त झोपते, हे चावते. मिरचीवर चुरडा आला, पानं आखडली, त बियान्याची जात काढत बसता का? पानी पायता, माती पायता. कान तपासून घ्या इचे. पन आधी सोडा."

"नं इहीर?" योगेशनं विचारलं.

"मंग इहीर बांधा. पोट्टी काहून बांधता?"

आठ दिवसांत विहिरीभोवती बांबू आणि जाळी उभी राहिली. कान तपासले, ठीक निघाले. सकाळी अंगणवाडी, मग वर्षाली तिला सरीतून सोबत फिरवायची, हे वांगं, हे पान, अशी बोलत. महिना गेला, शब्द नाही. "पाहा, म्या म्हटलं होतं," सत्यभामा म्हणू लागली.

मग गीतांजलीनं मिरचीचा वाफा तुडवला. सत्यभामेनं मला खोडावरून ओढलं आणि पोरीचा पाय धरला. पोर चावली नाही. वर पाहून म्हणाली, "सोड."

म्हातारीच्या हातातून मी गळून पडले. ती तिथंच चिखलात बसली. "अजून एकडाव म्हन, माय," म्हणाली. पोर कधीच पळाली होती.

मित्रांनो, कुणाच्या लेकराची जात काढण्याआधी त्याच्याशी बोललात का, हे स्वतःला विचारा. काल शेजारच्या मळ्यातून मला मागायला आले होते. तिथंही लेकरू रांगतंय, तिथंही विहीर उघडी आहे. मला देऊ नका.